माझ्या वेळेचे मालक

आठ मार्चचा महिला दिन जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना आमची आठवण होते. स्वतःसाठी वेळ काढा, आई झालात म्हणून हातातली कला सोडू नका, पहाटे अर्धा तास लवकर उठा आणि बाळ झोपेत असताना विणायला बसा. मजकुराशेजारी फोटो असतो: हसरी आई, मांडीवर शांत बसलेले मूल, बाजूला लोकरीचे गुंडे नीट रचलेले. हे लिहिणाऱ्यांनी चालत्या-धावत्या मुलासमोर लोकरीचा गुंडा कधी ठेवलेला नाही. पहाटे उठणाऱ्या आईच्या मागोमाग मूलही उठते, हेही त्यांना कुणी सांगितलेले नाही. पण माझा राग त्या अज्ञानावर नाही. राग आहे तो या सल्ल्याच्या पोटातल्या आरोपावर. वेळ तुमच्याजवळ पडून आहे, तुम्हीच आळशी आहात किंवा नियोजनात कच्च्या आहात, असे हा सल्ला आम्हाला ऐकवतो. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा उद्योग आता बंद झाला पाहिजे.

मी क्रोशे करते आणि गोधड्या शिवते. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तो झाल्यापासून माझा वेळ गेला कुठे, हे शोधायला मला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही. घेणारे सगळे ओळखीचे आहेत. काही घरात राहतात, काही फोन करतात, काही शाळेच्या ग्रुपवर रात्री साडेआठला निरोप टाकतात. मुलाने जो वेळ घेतला त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तो त्याच्या हक्काचा आहे. त्याला भरवायला, न्हाऊ घालायला, तापात रात्रभर उशाशी बसायला मला कुणी सांगावे लागले नाही. माझे भांडण आहे ते मुलाच्या नावावर पावती फाडून माझा वेळ उचलणाऱ्या मोठ्या माणसांशी.

आधी काम काय असते ते सांगते, कारण ज्यांनी ते केलेले नाही त्यांना ते बसल्याजागचे वाटते. क्रोशात सुईवर एका वेळी एकच टाका उघडा असतो. मागचे सगळे बांधलेले. आतून "आई, शी झाली" अशी हाक आली की तो टाका बोटभर ओढून मोठा करायचा, त्यात सेफ्टी पिन अडकवायची, सुई कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायची आणि उठायचे. परत आले की पिन काढायची, दोरा ओढून टाका सुईवर घट्ट करायचा आणि पुढचा खांब घालायचा. बाळाची टोपी, मोजे, साधी शाल असे थांबत-थांबत होते. पण जाळीची नक्षी अशी होत नाही. तिथे दर ओळीला मोजणी असते: इतक्या साखळ्या, इतके खांब सोडून मुका खांब, पुन्हा साखळ्या. मोजणी डोक्यात धरून हात चालतो. मध्येच कुणी "मीठ कुठे आहे गं?" विचारले की मोजणी गेली, आणि चूक लक्षात येते ती चार ओळी पुढे गेल्यावर, कडा वाकडी दिसू लागली की. मग चार ओळी उसवायच्या. ज्या बाईला दिवसात दहा-दहा मिनिटांचे तुकडे मिळतात, ती दहा मिनिटांत मावेल तेवढेच काम करते. तिचा हात टोपी-मोज्यांच्या पुढे जात नाही. मग लोक म्हणतात, छान आहे हो, टाइमपास.

१९७० मध्ये जुडिथ ब्राउन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी एक छोटेसे टिपण लिहिले. वेगवेगळ्या समाजांत कोणती कामे बायकांकडे जातात आणि का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर साधे होते. लहान मूल सांभाळता-सांभाळता जे करता येते ते काम बायकांचे ठरते. घराजवळचे, मुलाला फारसा धोका नसलेले, पुन्हापुन्हा तेच करायचे, आणि मुख्य म्हणजे मध्येच थांबवून पुन्हा उचलता येणारे. एलिझाबेथ बार्बर यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात हाच धागा धरून कापडाचा वीस हजार वर्षांचा इतिहास मांडला: सूतकताई, विणाई, शिवण हे सगळे आयांच्या हातून घडले, कारण चाते खाली ठेवता येते आणि मूल उचलता येते. जगाला कपडे घालायला शिकवले ते कडेवर मूल घेतलेल्या बायकांनी. मूल आणि हातकाम एकत्र नांदत नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे वाचावे.

पण थांबवता येते हा कामाचा गुण झाला. थांबवायचे कधी, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? माझ्या घरात आणि मला माहीत असलेल्या प्रत्येक घरात त्याचे उत्तर एकच आहे: करणारी सोडून बाकी सगळ्यांचा. काम थांबवता येते म्हणून कुणीही थांबवतो. हातात सुई, मांडीवर अर्धी शाल, आणि दारातून आवाज येतो, "रिकामीच बसली आहेस ना, जरा लसूण सोलून दे." रिकामी! माझे दोन्ही हात, डोळे आणि डोके कामात असताना मी रिकामी. समोर नवरा लॅपटॉप उघडून बसला असेल तर त्याच्याशी घरात सगळे कुजबुजत बोलतात. त्या लॅपटॉपवर क्रिकेट चालू असले तरी. त्याला कुणी लसूण सोलायला सांगत नाही, कारण त्याच्या कामाला पगार आहे आणि त्याच्या विश्रांतीलाही त्या पगाराचे संरक्षण आहे.

सरकारने केलेले वेळेच्या वापराचे सर्वेक्षण काढून बघा. २०१९ मध्ये घरकाम करणारी बाई दिवसाला २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करत होती, आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात बाईची मिनिटे २८९ झाली. दहा मिनिटे सुटली म्हणून कुणी पेढे वाटायच्या आधी शेजारचा रकाना वाचावा. पुरुषांची मिनिटे ९७ वरून ८८ वर आली आहेत. म्हणजे बाईचे काम कमी झाले ते पुरुषाने उचलले म्हणून नाही. दोघांचेही कमी झाले, आणि त्यातही पुरुषाने आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली. दोघांतले अंतर आधी २०२ मिनिटांचे होते, आता २०१ आहे. पाच वर्षांत एक मिनिट! मुलाबाळांची, आजारी माणसांची आणि म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेलीच नाही. ती वेगळी मोजली आहे: बाईची १३७ मिनिटे, पुरुषाची ७५. आणि हेही जे करतात त्यांचेच आकडे आहेत. बहुसंख्य पुरुष तर या रकान्यात येतच नाहीत. सव्वातीन तासांहून मोठी ही दरी समोर ठेवून कुणी मला पहाटेचा अर्धा तास सुचवत असेल, तर तो माझी झोप कापून दुसऱ्या कुणाची तरी झोप वाचवतो आहे.

माझा नवरा दुष्ट नाही. दारुडा नाही, हात उगारणारा नाही, मुलावर जीव टाकतो. म्हणूनच हे लिहिणे गरजेचे आहे, कारण वाईट नवऱ्यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत आणि चांगल्या नवऱ्यांना कुणी काही विचारत नाही. तो म्हणतो, "तू बस विणत, मी बघतो त्याला." मग तो मुलाला त्याच खोलीत, माझ्यापासून चार हातांवर, खेळवत बसतो. मुलाला आई दिसते, म्हणजे मुलाला आई हवी असते. पाचव्या मिनिटाला मूल माझ्या मांडीवर असते आणि लोकरीचे टोक त्याच्या तोंडात. नवरा म्हणतो, "बघ ना, माझ्याकडे राहतच नाही." राहील कसा? राहायची सवय लागायला बापाने त्याला घेऊन घराबाहेर पडावे लागते. पाण्याची बाटली स्वतः भरून, चड्डीची जास्तीची जोडी स्वतः पिशवीत घालून, आणि "त्याची निळी टोपी कुठे ठेवली आहेस?" असा फोन न करता. प्रत्येक वस्तूची जागा बायकोला विचारणारा माणूस मूल सांभाळत नाही. तो बायकोच्या कामावर देखरेख करतो.

"मुलालाच बरोबर घेऊन बस की," हा दुसरा सल्ला. तो देणाऱ्या बायका असतात आणि त्या प्रेमाने देतात, तरी मला तो तितकाच चुकीचा वाटतो. मी मुलाबरोबर कणकेचे गोळे करते, जुन्या मासिकांतली चित्रे फाडून चिकटवते, भाजीच्या देठांचे ठसे उमटवते. तो आमचा खेळ आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण तो त्याचा खेळ आहे, माझे काम नव्हे. माझ्या कामात सुया आहेत, टोकदार कात्री आहे, बटणे आणि मणी आहेत, आणि या वयाचे मूलही हाती लागेल ते तोंडात घालू शकते. मी सुया मोजून बाहेर काढते आणि मोजून परत डब्यात ठेवते. एक कमी भरली तर काम तिथेच थांबते. अंथरूण झटकायचे, सतरंजी उलटी करायची, फरशीवरून लोहचुंबक फिरवायचे. सुई सापडेपर्यंत मुलाला कडेवरून खाली सोडायचे नाही. ज्या बाईने गोधडीच्या घडीत हरवलेली सुई मूल कडेवर घेऊन शोधली आहे, तिला "बरोबर घेऊन बस" हे वाक्य ऐकवू नका.

गोधडी मुळात एकटीने करायचे कामच नव्हते. जुनी लुगडी थरावर थर पसरायची, चारी बाजूंनी ताणून धरायची, कडेपासून धावदोरा घालत आत यायचे. त्याला दोन-तीन जणी लागत. एकीचे मूल उठले की दुसरी तिच्या ओळीवर सरकत असे. आमच्याकडे बाळंतविडाही असाच होई. होणाऱ्या बाळासाठी झबली, टोपरी, दुपटी, कुंची हे सगळे बायका आपापसांत वाटून घेत. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. त्याच बायकांना विहिरीचे पाणी ओढावे लागे, आणि अंगणात बसायची मुभा कुणाला आणि कुणाला नाही हे जात ठरवत असे. पण मूल आणि सुई एकाच बाईच्या दोन हातांत कोंबायची पद्धत जुनी नाही. ती आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटची देणगी आहे. आजच्या एकट्या आईला आजीचे उदाहरण देणाऱ्यांनी आजीच्या आजूबाजूला किती हात होते तेही सांगावे.

आता शाळा. मुलगा नर्सरीत आहे. रात्री ग्रुपवर निरोप येतो: उद्या फळांचा दिवस, प्रत्येकाने हाताने केलेला फळाचा मुखवटा आणावा. पुढच्या आठवड्यात टाकाऊतून टिकाऊ. त्याच्या पुढच्या आठवड्यात पावसाळा, कार्डपेपरची छत्री. नर्सरीतल्या मुलाला कात्री नीट धरता येत नाही, हे शाळेला ठाऊक आहे. मुखवटा कोण करणार हेही ठाऊक आहे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! मूल निजल्यावर जो एक तास मला मिळतो, जो माझ्या दिवसातला एकमेव सलग तास आहे, त्यात मी पिवळा कागद कापून आंबा करते. सकाळी शाळेच्या भिंतीवर वीस आयांचे वीस आंबे लागतात आणि खाली वीस मुलांची नावे. बाई म्हणतात, "किती सुंदर केलंय हो तुमच्या बाळानं." मुलाच्या कानावर हे पडते. स्वतः न केलेल्या कामाचे कौतुक घ्यायला तो साडेतीन वर्षांचा असतानाच शिकतो, आणि त्याच वेळी हेही शिकतो की आईने केलेल्या कामावर आईचे नाव नसते.

याच महाराष्ट्रात, वर्ध्याला, १९३७ च्या ऑक्टोबरात भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी बसवायचा आग्रह धरला होता. टकळी मुलाच्या हातात द्यायची होती. सूत वेडेवाकडे निघाले तरी ते त्याचे असणार होते. त्या विचारावर वाद घालायला हरकत नाही. पण आईच्या झोपेतून कापलेला मुखवटा भिंतीला लावणे हे कुठल्याच विचारात बसत नाही. मुलाने फाडलेला, चोळामोळा झालेला, फळासारखा अजिबात न दिसणारा कागद भिंतीला लावायची ज्या शाळेला लाज वाटते, तिला लहान मुलांची शाळा चालवायचा अधिकार नाही.

तिसरे घेणेकरी नातेवाईक आणि ओळखीचे. "तुझा हात काय गोड आहे गं! नणंदेच्या बाळाला एक स्वेटर कर ना. लोकरीचे पैसे देईन." लोकरीचे! म्हणजे दुकानदाराच्या मालाला किंमत आहे, माझ्या हाताला नाही. कुणी फार उदार झाले तर विचारते, "चारशे रुपयांत होईल?" पंचवीस तास लागणारा स्वेटर चारशे रुपयांत दिला तर तासाला सोळा रुपये पडतात, आणि त्यातून लोकर वजा. हाच माणूस प्लंबरला नळाचा वायसर बदलायचे पैसे देताना घासाघीस करत नाही. वरून ऐकायला मिळते, "तुला तरी दुसरं काय काम असतं, मुलाजवळ बसूनच करायचं." मुलाजवळ बसून केले म्हणजे फुकट झाले, हा हिशेब कुणी शिकवला यांना?

हा हिशेब जुना आहे आणि त्यावर लोक श्रीमंत झाले आहेत. आंध्रच्या पश्चिम गोदावरी भागात नरसापूर नावाचे गाव आहे. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे क्रोशाच्या लेसचे काम आणले. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बायकांचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. त्या बायका रोज सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणत होत्या. ती लेस परदेशी जात होती. निर्यात करणारे व्यापारी पुरुष होते आणि त्यांचे इमले उठत होते. आणि विणणाऱ्या बायका? त्यांना सगळे गृहिणी म्हणत, आणि त्यांच्या कामाला फावल्या वेळातला उद्योग. कामगार म्हटले की मजुरी, तास, संघटना हे सगळे आले असते. मुलाबाळांत बसून करते, घरातच असते, एवढ्यावर तिची मजुरी बुडवता आली. माझ्या ओळखीच्या ज्या बाईने चारशे रुपये पुढे केले, तिने हे पुस्तक वाचलेले नाही, पण तिला व्यापाऱ्याची युक्ती बरोबर जमली.

सलग वेळ ज्याच्या वाट्याला येतो, नाव त्याचे होते, याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. पालघरच्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने सवाष्णी लिहितात. ती कला पिढ्यान्पिढ्या बायकांची. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींसारखी माणसे तिथे पोचली, भिंतीवरचे चित्र कागदावर आले, आणि जगाला माहीत झालेली पहिल्या पिढीची नावे बहुतेक पुरुषांची होती. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेपुढे मी नम्र आहे. त्यांच्या रेषेत जे आहे ते शिकवून येत नाही. पण बाईला कागदावर उतरता येत नाही असे कुणी म्हणू नये, कारण ज्या कुलकर्णींनी वारली पाडे पाहिले त्यांनीच त्याआधी मिथिलेतल्या बायकांना कागद दिला होता, आणि तिथल्या जगदंबा देवींना १९७५ मध्येच पद्मश्री मिळाली. कागद घेऊन दिवसचे दिवस बसायला लागते. चूल, पाणी, कडेवरचे मूल दुसऱ्या कुणीतरी पाहावे लागते. पाड्यावर ते कोण पाहणार होते? पुरुष बसू शकले, कारण बायका बसल्या नाहीत, असे माझे मत आहे आणि मी ते मागे घेणार नाही.

इथे हमखास कुणीतरी बहिणाबाईंचे नाव काढते. शेतात राबल्या, जात्यावर दळले, तरी केवढी मोठी कविता! खरे आहे. आणि ती कविता आपल्यापर्यंत आली ती मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरून जपली म्हणून. पुस्तक निघाले १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. ज्यांच्या घरी लिहून ठेवणारे कुणी नव्हते त्यांचे काय झाले? एका अपवादाची छडी करून बाकीच्या सगळ्या बायकांच्या पाठीत मारू नका. बहिणाबाईंना सलग वेळ मिळाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्यांच्या कौतुकात कधी का येत नाही?

"थोडी वर्षं थांब, मूल मोठं झालं की वेळच वेळ." हे सर्वांत गोड बोलणे आणि सर्वांत क्रूर. माझ्या सासूबाईंना हेच सांगितले गेले होते. तीन मुले मोठी झाली, नातवंडे झाली, आता त्यांच्याजवळ खरोखर वेळ आहे. पण बोटांच्या सांध्यांत वात आहे, आणि गडद रंगाचा दोरा असला की टाका दिसत नाही. त्यांच्या लग्नाआधीच्या कामाचा एक रुमाल घरात आहे. त्यावरचे गाठीचे टाके मोहरीएवढे आणि एकसारखे आहेत. उलटी बाजू सुलटीइतकी स्वच्छ. तो हात चाळीस वर्षे लसूण सोलण्यात गेला. चाळिशी लागते तेव्हा सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ज्या वर्षांत डोळे आणि बोटे सर्वांत चांगली असतात, नेमकी तीच वर्षे मूल लहान असण्याची आहेत. थांब म्हणणारे तिला नंतरची तारीख देत नाहीत, तिचा हातच काढून घेतात.

कायद्याकडे बघावे तर तिथे मी दिसतच नाही. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईला २६ आठवड्यांची रजा मिळाली, आणि पन्नास किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. चांगले झाले. पण घरात बसून विणणारी, शिवणारी, विड्या वळणारी बाई कुठल्या आस्थापनेत मोडते? तिच्या मुलाला पाळणाघर कोण देणार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हा प्रश्न बोर्डी-कोसबाडला आदिवासी वस्तीत काम करताना भेटला होता. थोरल्या मुली शाळेत येऊ शकत नव्हत्या, कारण धाकटे भावंड कडेवर असे. त्यांनी मुलींना व्यवस्थापनाचे धडे दिले नाहीत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली, तिला विकासवाडी नाव दिले. कडेवरचे मूल कुणीतरी घेतले की हात मोकळा होतो, इतकी सरळ गोष्ट त्यांनी करून दाखवली. तेवढ्या सरळपणे विचार करायला आमची शहरे आजही तयार नाहीत. आमच्या सोसायटीत गाड्या उभ्या करायला दोन मजले आहेत, वाढदिवसांना भाड्याने द्यायला हॉल आहे. तो आठवड्याचे सहा दिवस कुलूपबंद असतो. तिथे सकाळी दोन तास मुले ठेवायची, आयांनी आळीपाळीने बसायचे, एवढे मी सभेत मांडले. उत्तर मिळाले, "फरशी खराब होईल."

मी माझ्यापुरते ठरवले आहे आणि घरात ते भिंतीवर लिहून लावले आहे. रविवारी नऊ ते बारा मूल बापाबरोबर घराबाहेर असेल. पाऊस असला तरी. तीन तासांत जाळीची मोजणी सुटत नाही, एवढे मला ठाऊक आहे. त्या वेळात स्वयंपाक कोण करणार हे मला विचारायचे नाही. शाळेला मी पत्र दिले आहे की यापुढे आमच्या घरातून मुलाने केलेलेच येईल, मग ते कसेही दिसो. बाईंनी फोन करून विचारले, "मुलाला वाईट नाही का वाटणार?" मी म्हटले, त्याला वाईट वाटायचे कारण भिंतीवरचे बाकीचे एकोणीस आंबे आहेत, ते तुम्ही काढा. पुढच्या खेपेला आणखी दोघींच्या मुलांनी स्वतः चिकटवलेले कागद नेले. एकाचे मांजर पाच पायांचे होते.

आणि स्वेटर हवा असेल त्यांच्यासाठी तासाचा दर आता ठरलेला आहे. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला, शिंपी, सायकलवाला, सगळ्यांचे दर दुकानावर लिहिलेले असतात आणि कुणी त्यांना "बसल्याजागीच तर करायचं" म्हणत नाही. माझाही लिहिलेला आहे. नणंदेला पाठवला, मावशीला पाठवला. मावशी पंधरा दिवस बोलली नाही, मग तिने आगाऊ पैसे पाठवून नातीसाठी टोपरे सांगितले. ते मी रविवारी करते आहे. लोकरीचे पैसे वेगळे.